पाडलेल्या घरांच्या बागा

जुन्या भोपाळमधल्या एका मोहल्ल्याचं नावच ‘कबाडखाना’ आहे. हमीदिया रोडच्या परिसरात, नादरा बसस्थानकापासून जवळ. मराठीत ज्याला भंगार म्हणतात त्याला इथे कबाड म्हणतात, आणि मोहल्ल्याला नाव मिळावं इतकी जुनी जागा या व्यवहाराला या शहरात आहे. त्याच शहरात बागांची नावं लावणारे मोहल्लेही आहेत: ऐशबाग, बाग फरहत अफजा, बाग उमराव दुल्हा, बाग दिलकुशा. नवाब-बेगमांच्या काळातल्या त्या बागांच्या जागी आता बहुतेक घरं आणि दुकानं उभी आहेत. नावं तेवढी उरली.

कबाडखाना आणि बाग यांच्यातलं अंतर आता पुन्हा कमी होतं आहे. अरेरा कॉलनीतल्या बंगल्यांच्या आवारात, कोलार भागातल्या गच्च्यांवर, जुन्या सरकारी वसाहतींच्या अंगणांत पाडलेल्या घरांचे तुकडे दिसू लागले आहेत. मधुमालतीला आधार म्हणून जुना दरवाजा, वाफ्याच्या कडेला ओळीने रोवलेले कवेलू म्हणजे कौलं, चिमण्यांच्या पाण्यासाठी उलटं ठेवलेलं जातं, बैठक म्हणून दोन विटांच्या खांबांवर टाकलेली फर्शी. नवी कुंडी विकत घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं म्हणून कुणी करतं, कुणाला जुन्या वस्तूचा घाट आवडतो, तर कुणाला आजीच्या घरातलं काहीतरी हाताशी हवं असतं. कारण कोणतंही असो, अशी वस्तू घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसतो. ती कुठून आली, हा पहिला प्रश्न. वस्तू सुरक्षित आहे का, कायदेशीर आहे का, टिकेल का, आणि ती घेतल्याने कुणाचं काही भलं होतं की नुकसान, या सगळ्याची उत्तरं त्या एका प्रश्नातून निघतात.

हा प्रश्न न विचारल्याची सगळ्यात मोठी खूण भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. सांचीच्या मोठ्या स्तूपाजवळ, दक्षिण तोरणाशेजारी अशोकाच्या स्तंभाचा बुंधा जमिनीत उभा आहे. त्या स्तंभाचा दगड तिथल्या एका जमीनदाराने उसाच्या चरकासाठी फोडला, अशी नोंद पुरातत्त्वज्ञ सर जॉन मार्शल यांनी केली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात घडवलेला, आरशासारखा गुळगुळीत केलेला दगड उसाचा रस काढायला गेला. तोही पुनर्वापरच होता.

वस्तू येतात कुठून

भोपाळमध्ये जुन्या सामानाचे चार स्रोत आहेत, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला स्रोत म्हणजे तटबंदीतलं जुनं शहर. दोस्त मोहम्मद खानाने अठराव्या शतकात याचा पाया घातला. पुढे १८१९ ते १९२६ या काळात बहुतांश सत्ता चार बेगमांच्या हाती होती: कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतान जहान. कुदसिया बेगमांनी १८२० मध्ये तलावाच्या काठी गौहर महाल बांधला, शाहजहान बेगमांनी १८७१ ते १८८४ या काळात स्वतःसाठी ‘ताजमहाल’ नावाचा राजवाडा उभा केला. या मोठ्या वास्तूंच्या आसऱ्याने चौक, इतवारा, बुधवारा, जुमेराती या भागांत शेकडो साधी घरं उभी राहिली. दगडी जोतं, चुन्याची भिंत, लाकडी तुळया, वर कवेलू. वाटण्या झाल्या, वारस पांगले, जागेची किंमत घरापेक्षा वाढली, की असं घर पडतं. पाडकाम करणारा ठेकेदार अशा घरासाठी पुष्कळदा मालकाकडून पैसे घेत नाही, उलट मालकालाच पैसे देतो. कारण तुळया, चौकटी, लोखंड आणि शाबूत विटा त्याच्या होतात. त्यामुळे चांगलं लाकूड पाडकामाच्या जागेवर फार दिवस राहत नाही. ते लाकूडबाजारात जातं, आणि तिथे आरा मशीनवर चिरलं गेलं की दरवाज्याची फळी होते, फळीची पट्टी होते, आणि त्या घराचा माग संपतो. भारत टॉकीज ते पुल बोगदा या पट्ट्यातल्या आरा मशीन भोपाळकरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. मेट्रोच्या कामामुळे त्या तिथून हलवण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा बातम्यांत त्यांचं नाव वारंवार आलं.

दुसरा स्रोत त्या मानाने नवा, पण मराठी कुटुंबांच्या जवळचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि भोपाळ राजधानी ठरलं. तोवर नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होती. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्यांत मराठी माणसं पुष्कळ होती, आणि त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या सरकारी निवासस्थानांच्या एका वसाहतीला तात्या टोपेंचं नाव मिळालं. तेच आजचं टी.टी. नगर. स्मार्ट सिटी योजनेसाठी आधी शिवाजीनगर आणि तुळशीनगर निवडलं गेलं होतं. तिथल्या झाडांसाठी नागरिकांनी विरोध केल्यावर २०१६ मध्ये योजना टी.टी. नगरकडे वळली आणि ३४२ एकरांचा पट्टा ठरला. तिथली जुनी निवासस्थानं पाडली गेली. या घरांत नक्षीचे खांब नव्हते, पण मजबूत लाकडाच्या चौकटी, गजाच्या खिडक्या, लोखंडी फाटकं आणि दगडी फर्श्या होत्या. साधं, जाड, टिकाऊ सामान. बागेला ते महिरपीपेक्षा अधिक उपयोगी पडतं.

तिसरा स्रोत कारखाने, रेल्वे आणि सरकारी गोदामं. १९६० मध्ये सुरू झालेला भेलचा कारखाना आणि निशातपुऱ्यातली रेल्वे डबे दुरुस्तीची कार्यशाळा या शहराच्या दोन मोठ्या लोखंडी खुणा. असं सरकारी भंगार मात्र फाटकावर उभं राहून मिळत नाही. रेल्वेचं भंगार तिच्या ई-लिलावात विकलं जातं आणि इतर सरकारी संस्थांचं बरंचसं एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावात. लॉट मोठे असतात, म्हणून घरगुती माणूस तिथे थेट बोली लावत नाही. लिलाव घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून एखादं चाक, साखळी, नळीचा तुकडा किलोच्या भावाने घेतो. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुनी सरकारी वाहनं मोडीत काढणं सक्तीचं झालं आहे, त्यामुळे गाड्यांचे सुटे भाग या बाजारात आणखी येत राहतील.

चौथा स्रोत घरातलाच. भोपाळच्या मराठी घरांच्या माळ्यावर अजून तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, पाटा-वरवंटा, जातं आणि उखळ सापडतं. विदर्भातून किंवा खानदेशातून सासू-सुनांच्या हातून इथवर आलेल्या या वस्तू गॅस, गीझर आणि मिक्सर आल्यावर बिनकामाच्या ठरल्या. घर बदलताना त्या रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात, तांबं-पितळ वितळायला जातं आणि दगड रस्त्याच्या कडेला पडतो. कुठून आलं, या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळतं ते फक्त या चौथ्या स्रोताकडे.

काय घ्यावं, कसं मांडावं

भोपाळची जमीन आणि हवा या दोन्ही गोष्टी जुन्या वस्तूंची परीक्षा घेतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत वर्षाच्या पावसातला बहुतेक पाऊस, साधारण हजार-अकराशे मिलिमीटर, पडून जातो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर असतो. आणि शहराच्या पुष्कळ भागांत जमीन काळी आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ उभा केलेला दगडी खांब किंवा रांजण दोन पावसाळ्यांत कलतो. म्हणून जड वस्तूखाली माती काढून मुरूम आणि गिट्टी ठोकून भरावी, मगच ती ठेवावी.

लाकडात जुन्या सागवानाला तोड नाही, पण तेही मातीला टेकलं की वाळवीच्या तावडीत सापडतं. दरवाजा वेलीसाठी उभा करायचा तर त्याचा खालचा भाग जमिनीपासून वीतभर उंच, दगडावर किंवा लोखंडी पायावर ठेवावा, म्हणजे पाणी साचत नाही आणि वाळवीची माती दिसते. घेण्याआधी दाभणाने चौकटीच्या तळाशी आणि सांध्यांत टोचून पाहावं. दाभण सहज आत गेला तर लाकूड पोकळ आहे. वर्षातून एकदा, पावसाआधी, जवसाचं तेल चोळलं तर लाकूड उन्हाने तडकत नाही. सागाच्या वाहतुकीवर मध्य प्रदेशात वनखात्याचे नियम आहेत, तेव्हा जुन्या लाकडाचीही पावती घ्यावी आणि जपून ठेवावी.

दगडाच्या बाबतीत भोपाळ भाग्यवान आहे. विंध्याचा वालुकाश्म इथला घरचा दगड. विदिशा जिल्ह्यातल्या गंज बासोद्याची फर्शी दूरवर जाते. जुन्या घराची झिजलेली फर्शी नव्या फर्शीपेक्षा बागेत चांगली, कारण तिच्या खडबडीतपणामुळे पावसात पाय घसरत नाही. ती बसवताना सिमेंट टाळावं. सिमेंट ओलावा अडवून ठेवतं, क्षार दगडात साचतात आणि वालुकाश्माचे पापुद्रे सुटू लागतात. चुन्याचा किंवा नुसता वाळूचा थर दगडाला श्वास घेऊ देतो, आणि फटींमधून दूर्वा उगवायला जागा राहते.

कवेलू ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. विदर्भातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कोकणात किंवा देशावर तेच कौल. कुंभाराने चाकावर घडवलेला, नळीसारखा गोल देशी कवेलू वाफ्याच्या कडेला अर्धा गाडला की सुंदर नागमोडी काठ तयार होतो. चपटा, खाचांचा तो मंगळुरी. बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला याचा पहिला कारखाना काढला आणि पुढे हा नमुना देशभर गेला. या कौलांवर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं. म्हणजे कुठून आलं याचं उत्तर या एका वस्तूच्या पाठीवरच छापलेलं मिळतं. फुटलेले कवेलूही वाया जात नाहीत: कुंडीच्या तळाशी निचऱ्यासाठी त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

लोखंडाचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. घडीव लोखंडाचे गज आणि फाटकं वाकवता येतात, वेल्डिंगने जोडता येतात. बिडाचं म्हणजे ओतीव लोखंड कडक असतं. कठड्याची जाळी, नक्षीचा खांब, गोल जिन्याची पायरी बिडाची असली तर ती आपटल्यावर वाकत नाही, तुटते, आणि साधा वेल्डर ती नीट जोडू शकत नाही. म्हणून बिडाचा तुटलेला तुकडा ‘नंतर जोडून घेऊ’ म्हणून घेऊ नये. गंज काढून तांबडं ऑक्साइड लावलं की दोन्ही प्रकार बाहेर टिकतात. लोखंडी बाक मात्र झाडाच्या सावलीतच ठेवावा. मेमधल्या दुपारी उन्हातल्या लोखंडावर हात टेकवत नाही.

बंब, घंगाळ, रांजण, दगडी डोणी यांत रोपं लावायची तर तळाला पाणी जाण्यासाठी भोक हवं. ज्यात मुद्दाम पाणी ठेवायचं, त्याचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून भांडं घासावं, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी ते पूर्ण डास हा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांत होतो. पाखरांना खोल भांडं लागतही नाही. जात्याची तळी किंवा पाट्याचा खोलगट दगड, बोटाच्या दोन पेरांएवढं पाणी, जवळ एक फांदी, एवढं त्यांना पुरतं.

काय बागेत आणू नये

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण भोपाळभोवतीची जमीन सामान्य जमीन नाही. भोजपूरचं अपुरं राहिलेलं शिवमंदिर, आशापुरीचे मंदिरावशेष, विदिशा, ग्यारसपूर, उदयपूर: परमारांच्या आणि त्याआधीच्या काळातलं कोरीव काम शेतांच्या बांधांवर, गावांच्या पारांवर पडलेलं आढळतं. ‘शेतात सापडलेला जुना दगड’ म्हणून जे विकायला येतं, ते हजार वर्षांपूर्वीच्या मंदिराचा भाग असू शकतं. पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा, १९७२ शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो, आणि त्याच्या व्याख्येत इमारतीपासून सुटी झालेली वस्तूही येते. मूर्ती आणि शिल्पांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे नोंदणी लागते, व्यापाऱ्याला परवाना लागतो. जमिनीत पुरलेलं मौल्यवान काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वीरगळ आणि सतीशिळा या कुणाच्या तरी मरणाच्या खुणा आहेत. त्यांची जागा गावात आहे, कारंज्याशेजारी नाही. मूर्तीचा तुकडा दिसला तर तो विकत न घेता पुरातत्त्व खात्याला कळवणं, एवढंच योग्य.

सांचीने हा धडा दुसऱ्या एका प्रकारेही दिला. एकोणिसाव्या शतकात सिकंदर बेगमांनी सांचीचं तोरण इंग्लंडच्या राणीला देऊ केलं होतं. ते गेलं असतं तर आज लंडनच्या एखाद्या दालनात उभं असतं. ते गेलं नाही. १८६९-७० मध्ये ब्रिटिश अधिकारी हेन्री हार्डी कोल यांनी पूर्व तोरणाचे साचे घेतले आणि त्यांच्या प्रतिकृती युरोपात गेल्या. पुढे सुलतान जहान बेगमांच्या काळात, १९१२ ते १९१९ दरम्यान, मार्शल यांनी सांचीची डागडुजी केली आणि तिथेच संग्रहालय उभं राहिलं. मूळ दगड जागेवर, प्रतिकृती बाहेर: बागेसाठी कोरीव काम हवं असणाऱ्याला हाच मार्ग खुला आहे. वालुकाश्म कोरणारे कारागीर आजही काम करतात, त्यांच्याकडून नवं करून घेता येतं.

दुसरा धोका रंगाचा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या दरवाज्या-खिडक्यांत त्याहून कितीतरी जास्त शिसं असू शकतं. असा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासला तर त्याची धूळ श्वासात आणि वाफ्यात जाते, आणि लहान मुलांना ती सर्वांत घातक. पाणी मारून, ओला ठेवून खरवडावा, खरवड गोळा करून वेगळी बांधावी, आणि अशी वस्तू भाजीच्या वाफ्यापासून लांब ठेवावी. जुन्या वसाहतींतले सिमेंटचे पन्हाळी पत्रे पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते कापू नयेत, भोकं पाडू नयेत, फोडू नयेत. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर दिसायला देखणे, पण त्यांना क्रिओसोट पाजलेलं असू शकतं. डांबरासारखा वास आणि उन्हात पाझरणारा काळा चिकटा ही त्याची खूण. बसण्याच्या किंवा खाण्याच्या जागी ते नकोत.

आणि भोपाळमध्ये आणखी एक गोष्ट सांगावीच लागते. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीचा वायू विरून गेला, पण युनियन कार्बाइडच्या कारखान्याच्या परिसरातलं माती आणि भूजलाचं प्रदूषण अजून संपलेलं नाही. तिथे साठवलेला ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला न्यायला जानेवारी २०२५ उजाडलं. म्हणून या शहरात कुठल्याही पिंपाचा, नळीचा, मातीच्या ट्रॉलीचा किंवा विटांच्या ढिगाचा उगम विचारणं हे इतर शहरांपेक्षा अधिक गरजेचं आहे. रसायनाचं पिंप कितीही धुतलं तरी ते रोपासाठी किंवा पाण्यासाठी वापरू नये. विक्रेत्याला उगम सांगता येत नसेल, तर वस्तू तिथेच सोडावी.

ज्यांनी हे करून दाखवलं

भारतात या विषयाचं सगळ्यात मोठं नाव नेक चंद. चंडीगडमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेल्या या माणसाने १९५७ पासून जंगलाच्या एका तुकड्यात गुपचूप बाग रचायला सुरुवात केली. सामान कोणतं? नवं शहर वसवण्यासाठी जी गावं हटवली गेली, त्यांच्या घरांचा राडारोडा, फुटकी चिनी भांडी, बांगड्यांचे तुकडे, नदीतले गोटे. नोकरी संपली की सायकलवरून तो हे वाहून आणायचा. १९७६ मध्ये ही रॉक गार्डन लोकांसाठी खुली झाली. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएच्या या शहरासाठी पुसली गेलेली गावं त्या शहराच्या कुशीत पुतळ्यांच्या रूपाने उभी राहिली, हे तिचं खरं मोल.

मुंबईत राणीच्या बागेतला दगडी हत्ती आठवावा. घारापुरीला ज्याच्यावरून ‘एलिफंटा’ हे नाव पडलं तोच हा हत्ती. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. १९६५ मध्ये शहरातले ब्रिटिशकालीन पुतळे हटवले, तेव्हा काळ्या घोड्यासह अनेक पुतळेही याच आवारात आले. पुण्यात दिनकर केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष सोडवून आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. त्यांच्या संग्रहातल्या कोरीव दरवाज्या-खिडक्या म्हणजे पाडलेल्या वाड्यांची वहीच आहे. गोव्यात बाणावलीच्या ‘गोवा चित्र’ची इमारतच पाडलेल्या जुन्या घरांच्या भागांतून बांधली आहे. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमधला दगडी डोंगर तर १७७३ चा. त्यात टॉवर ऑफ लंडनचे टाकलेले दगड आणि आइसलंडचा लाव्हा शेजारी शेजारी बसवले आहेत, आणि अडीचशे वर्षांनंतरही कोणता दगड कुठला हे तिथे सांगतात.

भोपाळने दुसरी वाटही चालून पाहिली आहे. २०२३ मध्ये इथल्या कलाकारांनी वाहनांच्या भंगारातून सुमारे २८ फूट लांबीची, पाच टनांच्या घरातली रुद्रवीणा घडवली. दिल्लीच्या २०१९ मधल्या ‘वेस्ट टू वंडर’ उद्यानात दीडशे टन भंगारातून जगातली सात आश्चर्यं उभी आहेत. या कामांत कौशल्य आहे, आणि भंगार वितळवण्यापेक्षा ते निश्चितच बरं. पण गिअर वीणेत गेला की तो गिअर कोणत्या गाडीचा हे कुणी विचारत नाही. दरवाजा दरवाजाच राहतो, म्हणून त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरतं.

मागणी घर पाडते का?

या छंदाचा सगळ्यात अवघड भाग हाच. तमिळनाडूतल्या कराईकुडीच्या बाजारात चेट्टिनाडच्या हवेल्यांचे खांब, दरवाजे आणि इनॅमलची भांडी मिळतात, आणि देशभरची हॉटेलं ती घेऊन जातात. एकेका खांबाला चांगला भाव येऊ लागला की अख्खी हवेली सांभाळण्यापेक्षा सुटी विकणं वारसांना सोपं वाटू लागतं. भोपाळमध्ये त्या प्रमाणात हे घडलेलं नाही, पण शंका खरी आहे. तिचं उत्तर म्हणून जुन्या वस्तू घेणंच सोडावं, असं म्हणणारे आहेत. तसं केलं तर पडणारी घरं पडतच राहतील. फक्त त्यांच्या चौकटी सरपणात आणि दगड भरावात जातील. २०१६ च्या बांधकाम-कचरा नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्यात एका प्रकल्पातून ३०० टनांहून जास्त राडारोडा करणाऱ्याला तो वेगवेगळा करणं बंधनकारक केलं, आणि २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू होण्याचं ठरलं. हे नियम दगड-विटांचा चुरा करून पुन्हा वापरण्याचा विचार करतात. शाबूत तुळई, शाबूत महिरप शाबूतच वाचवावी, हा विचार करणारं कुणी लागतं, आणि ते बागेसाठी आलेलं गिऱ्हाईक असू शकतं.

फरक खरेदीच्या क्रमात आहे. उभ्या घरातून काढून आणून देण्याची ऑर्डर देणं ही एक गोष्ट. पाडकाम ठरलेल्या किंवा पडून गेलेल्या घरातलं उचलणं ही दुसरी. पहिली करू नये. गौहर महाल आणि सदर मंझिल दुरुस्त होऊन पुन्हा वापरात आले, त्यांच्या मागच्या गल्ल्यांतली साधी घरंही दुरुस्त होऊ शकतात. आधी त्यांना तशी संधी मिळावी.

या सगळ्याचा नमुना भोपाळला शोधायला लांब जावं लागत नाही. श्यामला हिल्सवर, मोठ्या तलावाच्या काठच्या सुमारे दोनशे एकरांत इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय पसरलं आहे. १९७७ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही संस्था दोन वर्षांनी इथे आली. वारली, तोडा, भिल्ल अशा अनेक समाजांची घरं इथे उघड्यावर, झाडांमध्ये उभी आहेत. पुष्कळशी त्या त्या समाजातल्या माणसांनी इथे येऊन आपल्या हातांनी बांधली. पाऊस त्यांच्यावर पडतो, गवत त्यांच्या उंबऱ्यापर्यंत येतं, आणि प्रत्येक घराशी ते कुणाचं, कोणत्या प्रदेशातलं हे लिहिलेलं असतं.

घरच्या बागेत एवढं करायला फार काही लागत नाही. इतवाऱ्यातला दरवाजा घ्यायचा ठरला, तर ठेकेदाराला विचारून घर उभं असतानाच रस्त्यावरून त्याचा एक फोटो काढून ठेवावा. मग पत्र्याच्या किंवा पितळेच्या छोट्या पट्टीवर मोहल्ल्याचं नाव, पाडकामाचं वर्ष आणि मालकाने सांगितलेलं घराचं वय कोरून ती दरवाज्याच्या मागच्या बाजूला, जिथे मधुमालती पोचत नाही तिथे, दोन खिळ्यांनी ठोकावी. कोरून देणारे अजून चौकात बसतात. भांड्यांवर नाव घालण्याचं तेच काम.